नळ क्रमांक अकराशे सत्तेचाळीस

द्वारकाबाई अडकिणे नगरपालिकेत लागली ती नवऱ्याच्या जागी. तेव्हा ती बावीस वर्षांची होती, सातवी शिकलेली, आणि नवरा जाऊन सात महिने झाले होते.

नवरा संतराम पाणीपुरवठ्याकडे व्हॉल्वमन होता. सायकलच्या दांडीला लांब चावी बांधून तो गल्लोगल्ली फिरायचा. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, चावी फिरवायची, की त्या गल्लीतल्या नळांना पाणी सुटायचं. साऱ्या गावाला पाणी सोडणाऱ्या या माणसाच्या घरी मात्र नळ नव्हता. औंढ्याच्या रस्त्याला त्यानं दोन खोल्या बांधल्या होत्या आणि पाइपलाइन काही तिथवर गेली नव्हती. द्वारका पुसेगावची, विहिरीचं पाणी ओढण्यात हाडं तयार झालेली, तिनं त्याबद्दल कधी तोंड वाकडं केलं नाही. पण १९९४च्या उन्हाळ्यात लाइन आली तेव्हा संतरामचा अर्ज पहिल्या दहांत होता. मंजुरी मिळाली, नळाला नंबर पडला अकराशे सत्तेचाळीस. रविवारची सुट्टी गाठून त्यानं स्वतःच चर खोदला, पाइप जोडला, तोटी बसवली. त्यानंतर एकोणिसाव्या दिवशी, भर दुपारी, तलावावरची मोटर का बंद पडली ते बघायला गेला आणि तिथंच शॉक लागून गेला. घरात मूलबाळ नव्हतं. लग्नाला तीन वर्षं झाली होती.

तेराव्यानंतर सासरी, डोंगरकड्याला, बैठक बसली. सासू केशरबाईचं म्हणणं असं पडलं की नगरपालिकेतली जागा धाकट्या मुंजाजीला मिळावी. मुंजाजी एकोणीस वर्षांचा होता. द्वारकेचं काय, ती अजून कोवळी आहे, उद्या माहेरची माणसं तिचं दुसरं घर करून देतील, नोकरी घरच्या घरात राहिली म्हणजे झालं. द्वारकेचा बापही मान खाली घालून बसला होता, म्हणजे त्यालाही ते पटलं होतं. एका कागदावर तिनं सही करायची होती, एवढंच.

तिनं त्या दिवशी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी एस.टी. धरली, एकटी नगरपालिकेत गेली आणि तिथल्या बड्या बाबूला विचारलं. तो म्हणाला, हक्क आधी बायकोचा, तिनं लिहून दिलं तर पुढचं बघता येईल. द्वारकेनं लिहून दिलं नाही.

लोकांनी याची हजार कारणं लावली. पगाराची चटक म्हणाले, कुणी फूस लावली म्हणाले. खरं कारण तिनं कुणाला सांगितलं नाही, कारण ते सांगायला लाज वाटण्याइतकं लहान होतं. त्या दोन खोल्या तिला सोडवत नव्हत्या, आणि नोकरीशिवाय तिथं राहता येणार नव्हतं.

केशरबाई तिला त्यानंतर एकदाच बोलली. म्हणाली, “माझं एक लेकरू देवानं नेलं, दुसऱ्याची भाकर तू नेली.” मग डोंगरकड्याचं दार बंद झालं. मुंजाजीचं लग्न झाल्याचं तिला सहा महिन्यांनी बाजारात कळलं. पुसेगावला आई-बाप होते तोवर जाणं-येणं राहिलं. ते गेले, भाऊ आपापल्या संसारात गुंतले, आणि तिचे सणही त्या दोन खोल्यांत होऊ लागले. पोळ्या दोन करायच्या, एक सकाळी खायची, एक रात्री. चार माणसांचा स्वयंपाक कसा करतात ते हात विसरून गेले.

नगरपालिकेत ती आधी शिपाई होती. फायली इकडच्या तिकडे नेल्या, साहेबांना पाणी दिलं. शिपाई असतानाच बाहेरून दहावी केली, टायपिंगची परीक्षा दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा काढली, पुढं संगणकाचाही कोर्स केला, आणि पाणीपट्टीच्या टेबलावर लिपिक म्हणून बसली. खिडकीशी येणारी माणसं तिला ‘पाणीवाल्या बाई’ म्हणत. कुणाचा नळ कोणत्या साली जोडला, कुणाचा अर्धा इंची, कुणी शेजाऱ्याच्या लाइनीतून पाणी घेतलंय, हे तिला तोंडपाठ होतं. कामापुरतं माणसांशी बोलणं व्हायचं. कामाशिवाय तिच्याशी बोलायचं कुणाला सुचत नसे, आणि तिलाही आपण होऊन सुरुवात करायची सवय उरली नव्हती.

दर एप्रिलला बिलं निघत. पहिली काही वर्षं ती हातानं लिहावी लागत. रजिस्टर समोर घ्यायचं आणि एकेक नाव उतरवायचं. अकराशे सेहेचाळीस झालं की पुढचं नाव यायचं, ‘श्री. संतराम सोनाजी अडकिणे’. ते ती बाकीच्या नावांसारखंच लिहायची, फक्त तेवढं झालं की पेन खाली ठेवून पाणी पिऊन यायची. संतरामचं नाव रेशनकार्डातून गेलं होतं, मतदार यादीतून गेलं होतं, बँकेचं पुस्तक बंद झालं होतं. या एका रजिस्टरात तो जित्या माणसांच्या रांगेत उभा होता. नळधारक मयत असेल तर दाखला आणा, सगळ्या वारसांची संमती आणा, नाव बदलून घ्या, असं तिनं खिडकीतून शेकडो लोकांना सांगितलं असेल. तिला सांगणारं कुणी नव्हतं.

मागच्या दिवाळीनंतर बिलांचा जुना प्रोग्राम बंद पडला. तो कधी काळी कुणा ओळखीच्यानं करून दिलेला, एकाच संगणकात चालणारा. करणारा माणूस आता फोन उचलत नव्हता. नव्या मुख्याधिकारी साहेबांनी ठरवलं की पुरे झालं, पाणीपट्टीसाठी चांगलं सॉफ्टवेअर घ्यायचं, रीतसर ई-निविदा काढायची, कंपन्या बोलवायच्या. निविदेचा मसुदा करायचं काम संगणक अभियंता प्रियदर्शनी मॅडमकडे आलं. प्रियदर्शनी सत्तावीस वर्षांची, वाशीमची, रोज कनेरगाव नाक्यावरून बसनं जाऊन-येऊन करणारी. नगरपालिकेत येऊन तिला जेमतेम वर्ष झालं होतं. सॉफ्टवेअरनं काय काय करायला हवं ते निविदेत लिहायचं होतं, आणि इथं बिल नेमकं कसं काढतात हे सगळ्या इमारतीत एकाच बाईला ठाऊक होतं.

प्रियदर्शनी एक खुर्ची ओढून पाणीपट्टीच्या टेबलाशी येऊन बसली ती तीन आठवडे बसली. मीटर नसताना आकारणी कशी करता, घर विकलं तर काय, एका नळावर तीन भावांची चूल असेल तर बिल कुणाला, नळ तोडला आणि परत जोडला तर नंबर तोच राहतो का. द्वारकाबाई सांगायची आणि पोरगी लॅपटॉपवर टाइप करायची. पहिल्या दिवशी द्वारकाबाईचा आवाज दुपारपर्यंत बसला. इतकं बोलायची घशाला सवय नव्हती. घरी आल्यावर तिच्या ध्यानात आलं की आज आपल्याला कुणी एवढ्या गोष्टी विचारल्या आणि उत्तर संपेपर्यंत ऐकूनही घेतलं.

चौथ्या दिवसापासून ती डब्यात भाजी जास्त नेऊ लागली. प्रियदर्शनी आधी मॅडम म्हणायची, मग मावशी म्हणू लागली. जेवताना पोरगी आपल्या घरचं सांगायची, धाकट्या भावाच्या परीक्षेचं, लग्नासाठी मागं लागलेल्या आत्याचं. द्वारकाबाई ऐकायची. स्वतःचं सांगण्यासारखं तिच्यापाशी काही नव्हतं असं नाही, पण सुरुवात कुठून करावी ते समजत नव्हतं.

एका दुपारी प्रियदर्शनीनं विचारलं, “मावशी, या सगळ्यात सगळ्यांत मोठी तकलीफ कशाची?”

द्वारकाबाईनं विचारही केला नाही. “मेलेल्या माणसायच्या नावाची. चार हजारांतले सहाशे नळ तरी मेलेल्यायच्या नावानं हायेत. बील मेलेल्याला जातं, अन् भांडत बसतात जितेजागते.”

प्रियदर्शनीनं लगेच कलम लिहून काढलं आणि वाचून दाखवलं. मयत नळधारकाच्या नावे कोणत्याही परिस्थितीत देयक तयार होऊ नये, प्रणालीनं अशी जोडणी आपोआप अडवून धरावी. द्वारकाबाई म्हणाली, बराबर आहे. दुपारची खिडकी उघडून पावत्या फाडू लागली तेव्हा, तिसऱ्या की चौथ्या माणसाला सुटे देता देता, आपण काय लिहून दिलं ते तिला उमगलं. तिनं पुढची पावती फाडली. कलम योग्यच होतं.

जानेवारीत तीन कंपन्यांची माणसं सादरीकरणाला आली. सभागृहात पडदा लावला. मुख्याधिकारी, लेखापाल, प्रियदर्शनी पुढं बसले आणि प्रियदर्शनीच्या हट्टानं द्वारकाबाईलाही पुढच्या रांगेत बसवलं. पहिल्या कंपनीनं रंगीत आलेख दाखवले, मीटरचा आकडा मोबाइलवर कसा येतो ते दाखवलं. गावात एकही मीटर नव्हता. दुसऱ्यांचं सगळं इंग्रजीत होतं. साहेब म्हणाले, बाई, तुम्हाला काही विचारायचंय का. द्वारकाबाई उभी राहिली, पदर सारखा केला आणि एकच प्रश्न तिन्ही कंपन्यांना विचारला. नळ बापाच्या नावावर, बाप वारला, तीन भाऊ त्या नळाचं पाणी पितात आणि एकमेकांशी बोलत नाहीत, तर तुमचं मशीन काय करील? पहिल्या दोघांनी हसून, तो धोरणाचा भाग आहे, असं सांगितलं. तिसऱ्या कंपनीकडून आलेला माणूस हसला नाही. त्यानं वही काढली आणि म्हणाला, “आम्हाला माहीत नाही. आज तुम्ही काय करता ते सांगा, आम्ही तसं करू.” दराचे लिफाफे उघडले तेव्हा काम त्यालाच लागलं.

पुढचं काम जुन्या नोंदी साफ करायचं. सगळे नळ नव्या प्रणालीत चढवायचे, प्रत्येकाला आधार आणि मोबाइल जोडायचा, मयत नावांची वेगळी यादी करायची. वॉर्डावॉर्डांतून माहिती येत होती आणि प्रियदर्शनी पडद्यावर पडताळत होती. फेब्रुवारीतल्या एका सकाळी तिचा हात थांबला. तिनं आडनाव वाचलं, पत्ता वाचला, मग द्वारकाबाईकडं बघितलं.

“मावशी, हे तुमचे...”

“व्हय.”

“तीस वर्षं झाली मावशी.”

“एकतीस व्हतील उन्हाळ्यात.”

प्रियदर्शनीनं खुर्ची जवळ ओढली. हलक्या आवाजात म्हणाली की नावबदलाचा फॉर्म मीच भरते, संमतीपत्राचा रकाना तसाच सोडू, कोण बघायला बसलंय. द्वारकाबाईनं नको म्हणून मान हलवली. वारसात बायको येते तशी आईही येते. ही अट तिनं खिडकीतून इतक्या जणांना सांगितली होती, म्हाताऱ्या बायांना अंगठा द्यायला परत पाठवलं होतं. “लोकायला सांगितलं ते मलाबी लागू हाय,” ती म्हणाली. “सासू हाय अजून. जाऊन येते.”

रविवारी ती निघाली. कळमनुरीला गाडी बदलली. पिशवीत संमतीचा छापील कागद, शाईचं पॅड, आणि नळाचं गेल्या एप्रिलचं बिल. डोंगरकड्याला उतरली तर गावभर शिजत्या हळदीचा वास भरला होता. रस्ता बदलला होता, दुकानं झाली होती. घर ओळखायला मात्र तिला कुणाला विचारावं लागलं नाही.

मुंजाजी अंगणात हळदीच्या ढिगाशी उभा होता. पन्नाशीचा, डोक्यावरचे केस गेलेला. त्यानं तिला बघितलं, आणि म्हणाला, “या वैनी.” काहून आल्या, कशा आल्या, काही विचारलं नाही. त्याच्या बायकोला द्वारकाबाई पहिल्यांदाच बघत होती. ती पाया पडली आणि चहा टाकायला आत गेली.

केशरबाई पडवीत बाजेवर होती. डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं. कोण आलंय म्हणून तिनं विचारलं. द्वारकाबाईनं आपलं नाव सांगितलं. म्हातारी बाजेवर उठून बसली आणि म्हणाली, “बस.”

कागद काढल्यावर मुंजाजी पुढं आला. जमिनीचं असेल तर आधी तसं सांगा, म्हणाला. तिनं सांगितलं की जमिनीचं नाही, नळाचं आहे. नवं मशीन येतंय, ते मेलेल्या माणसाच्या नावानं बिल काढत नाही.

“म्हंजी नळ त्याच्या नावानं हाय अजून?” केशरबाईनं विचारलं.

“हाय.”

“बील येतं?”

“दर साली येतं, आत्याबाई.”

“त्याचं नाव कोण लिहितं?”

“आधी मीच लिवायची. आता मशीनवर निघतं. काढते मीच.”

म्हातारीनं हात पुढं केला. द्वारकाबाईनं बिल तिच्या हातात दिलं. तिनं ते बोटांनी चाचपलं, उलटं-सुलटं केलं आणि परत पुढं धरलं. “वाच.”

द्वारकाबाईनं वाचलं. नळ क्रमांक अकराशे सत्तेचाळीस, श्री. संतराम सोनाजी अडकिणे, औंढा रोड. म्हातारी म्हणाली, परत वाच. तिनं परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना तिला आडनावापर्यंत पोचता आलं नाही. चहा घेऊन आलेली मुंजाजीची बायको दारातच उभी राहिली.

मग मुंजाजीनं संमतीपत्राची ओळ न् ओळ वाचून बघितली, आणि आईचा अंगठा पॅडवर दाबून कागदावर उमटवला. केशरबाईनं बिल मात्र परत दिलं नाही. त्याची घडी केली आणि कमरेच्या चंचीत, सुपारीच्या कप्प्यात ठेवली. “हे राहू दे माझ्यापाशी,” म्हणाली. जेवून जा, असं तिनं म्हटलं नाही. द्वारकाबाईनंही तशी वाट बघितली नाही.

मुंजाजी फाट्यापर्यंत सोडायला आला. बस यायला अर्धा तास लागला. दोघं लिंबाखाली उभे होते. तो रस्त्याकडं बघतच बोलला, “तवा लई राग व्हता, वैनी.”

“अन् आता?”

“आता राग न्हाई.” तो म्हणाला. “पर एकमेकायची सवयबी राहिली न्हाई.”

खोटं काही नव्हतं त्यात. बस आली, ती चढली.

सोमवारी प्रियदर्शनीनं फॉर्म पडद्यावर उघडला. बदलाचं कारण म्हणून चार पर्याय होते, विक्री, वाटणी, बक्षीसपत्र, मयत. त्यातला एक निवडून बटण दाबायचं होतं. द्वारकाबाई म्हणाली, मी दाबते. तिनं चष्मा पुसला, तारीख टाकली आणि दाबलं. पडद्यावर एक गोल फिरला आणि नोंद हिरवी झाली. त्या दिवशी आणखी चाळीस नावं व्हायची होती, ती दोघींनी मिळून केली.

एक एप्रिलला प्रणाली सुरू झाली आणि बिलं लोकांच्या मोबाइलवर गेली. द्वारकाबाईचाही फोन वाजला. द्वारकाबाई संतराम अडकिणे, आपले पाणीपट्टी देयक तयार आहे. तिनं ते उभ्यानंच वाचलं. प्रियदर्शनी म्हणाली, बघा मावशी, मधे नाव आहेच की त्यांचं. पोरगी चांगल्या मनानं बोलली होती, म्हणून द्वारकाबाई हसली. पण आधी तो नळाचा मालक होता आणि आता तिच्या नावामधला एक शब्द होता, यातला फरक तिला समजत होता. संध्याकाळी घरी जाऊन तिनं कुलूप काढलं तेव्हा, इतकी वर्षं एकटीनं काढलेल्या घरात, आज आणखी एक माणूस कमी झाल्यासारखं वाटलं.

सॉफ्टवेअर चांगलं निघालं. लोक घरबसल्या पैसे भरू लागले. खिडकीपुढची रांग मे महिन्यात अर्ध्यावर आली, जूनमध्ये दुपारी दोननंतर कुणी फिरकेनासं झालं. मुख्याधिकाऱ्यांनी सभेत द्वारकाबाईचं नाव घेऊन कौतुक केलं, टाळ्या वाजल्या. जूनच्याच शेवटी प्रियदर्शनीची बदली झाली. फोन करीन म्हणाली, आणि दोनदा केलाही. तिची खुर्ची शिपायानं अजून परत नेली नव्हती. द्वारकाबाईनंही त्याला ने म्हटलं नाही. डब्यातली भाजी तिनं लगेच कमी केली नाही, चार-पाच दिवस ती उरत राहिली, तेव्हा कुठं हाताला कळलं.

आषाढातली गोष्ट. दुपारची वेळ, खिडकी रिकामी. अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडं मुंजाजी होता. संमतीपत्रावर तिचा नंबर होता, तिथून त्यानं तो लिहून घेतला होता म्हणे. आई कशी आहे, तिनं विचारलं. तो म्हणाला, हाय तशीच. मग म्हणाला, “तीच इचारून राहिली. नळाला पाणी येतं का म्हणते.”

“येतं म्हणावं. चौथ्या दिवशी.”

“किती वेळ?”

“पाऊण तास.”

“बरं,” तो म्हणाला. मागून म्हातारीचा आवाज आला, मुंजाजीनं तिला मोठ्यानं सांगितलं, पाऊण तास, चौथ्या दिवशी. म्हातारी काहीतरी पुटपुटली, ते द्वारकाबाईला ऐकू आलं नाही. काय म्हणतात, असं विचारावं म्हणून तिनं तोंड उघडलं, तोवर मुंजाजी “ठेवतो मंग वैनी” म्हणाला आणि फोन बंद झाला.

ती फोन हातात धरून बसली. परत लावावा का, लावला तर काय बोलावं. पाणी सकाळी येतं हे सांगायचं राहिलं होतं. तोटी अजून तीच आहे हेही. तिनं फोन लावला नाही, नंबर मात्र ठेवून घेतला. त्यापुढं नाव काय टाकावं ते लवकर सुचेना. मुंजाजी लिहिलं, पुसलं. आत्याबाई लिहिलं, तेही पुसलं. शेवटी नुसतं ‘डोंगरकडा’ एवढं टाकलं, आणि खिडकीशी एक म्हातारा पावती विचारत उभा होता त्याच्याकडं वळली.